झिलईचे थर आणि विवेकाचा जाब

कुंभार म्हटला की आपल्या वाचकांच्या डोळ्यांपुढे यिर्मया संदेष्ट्याने पाहिलेला कुंभार उभा राहतो. ज्या कुंभाराविषयी आज आम्हांला लिहायचे आहे तो मात्र फार साधा आहे. तो बोरिवलीतील एका गृहनिर्माण संस्थेत तळमजल्यावर राहतो. त्याच्या चाकाला मोटर आहे आणि त्याची भट्टी विजेवर चालते. तो कुंभार म्हणजे आम्हीच. जन्माने आम्ही कुंभार नव्हे. नोकरीतून निवृत्त झाल्यावर हाताला काही उद्योग असावा म्हणून हे काम शिकलो आणि त्यात गुंतलो. शिकता शिकता एक प्रश्न पुढे आला. प्रथम तो मातीचा वाटला, पुढे विवेकबुद्धीचा निघाला. तोच वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रश्न असा. विजेच्या भट्टीत, मुद्दाम थरावर थर चढवून, भांड्याला जी खोली आणि जे गूढ रंग आणले जातात, ते खरे की सोंग? आणि खरे असतील, तर त्यांच्यापायी आपण कोणाचे काय देणे लागतो?

यासाठी झिलई म्हणजे काय, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. झिलई म्हणजे भांड्यावर वितळवून बसवलेली काच. गारेची भुकटी, ती वितळावी म्हणून फेल्डस्पार आणि चुन्यासारखे पदार्थ, ती ओघळून जाऊ नये म्हणून चिनी माती, आणि रंगासाठी एखाद्या धातूचे भस्म, एवढेच तिचे साहित्य. एकदा भाजलेल्या भांड्यावर ही पातळ लापशी चढवतात आणि ते पुन्हा भट्टीत घालतात. आपल्या घरातील माठाला झिलई नसते. त्यातून पाणी पाझरते, म्हणूनच ते गार राहते. याउलट लोणच्याच्या चिनी मातीच्या बरणीला झिलई असते. मीठ आणि आंबटपणा यांना ती दाद देत नाही, म्हणूनच आजीने घातलेले लोणचे वर्षभर टिकते. माठ आपले अंतरंग झाकत नाही. बरणी झाकते, आणि झाकण्याच्या बदल्यात विश्वास मागते.

आता अग्नीचा भाग. लाकडाच्या किंवा गॅसच्या भट्टीत हवा कमी केली की भुकेली ज्वाला झिलईतील धातूच्या भस्मातून प्राणवायू ओढून घेते. मग लोखंडाचा रंग तपकिरीऐवजी समुद्रासारखा करडा-हिरवा होतो आणि तांब्याचा रंग हिरव्याऐवजी रक्तासारखा लाल होतो. लाकडाची राख उडून भांड्यावर बसते आणि तीही वितळते. भट्टीच्या एका कोपऱ्यात ठेवलेले भांडे दुसऱ्या कोपऱ्यातील भांड्यासारखे कधी निघत नाही. विजेच्या भट्टीत यांतले काहीच घडत नाही. तारा लाल होतात, उष्णता सगळीकडे सारखी पसरते, हवा भरपूर असते. तेथे लोखंड मधासारखे किंवा काळे होते, तांबे हिरवे होते, आणि एकच झिलई लावलेले भांडे बहुधा सपाट, निर्जीव दिसते. धूर नाही, राख नाही, आणि आश्चर्यही नाही.

उपनगरात राहणाऱ्या माणसाला मात्र दुसरी भट्टी परवडणारी नाही. धारावीच्या कुंभारवाड्यात सौराष्ट्रातून आलेली कुंभारांची घराणी पिढ्यान्‌पिढ्या आपल्या भट्ट्या पेटवीत आली आहेत. तेथे कापसाची रद्दी आणि लाकडाचा भुसा जळतो, आणि त्या धुराचा त्रास सर्वांत आधी त्यांच्याच घरांतील लेकरांना होतो. अंधेरीत, घाटकोपरात किंवा मुलुंडमध्ये सातव्या मजल्यावरील शेजाऱ्याच्या खिडकीखाली तसा धूर करण्याचा हक्क कोणाला आहे? तेव्हा ज्याला येथे राहून खोली असलेली झिलई हवी, त्याने ती विजेतच शोधली पाहिजे.

शोधल्यास ती सापडते. त्याची रीत अशी. आधी लोखंडाने भरलेली काळसर झिलई द्यावी. जपानी मंडळी तिला तेनमोकु म्हणतात. ती पुरती सुकण्याच्या आत तिच्यावर दुसरी फिकी झिलई चढवावी, जिच्यात थोडे रुटाइल आहे. रुटाइल हे केरळच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूतूनही मिळणारे खनिज. बाराशे वीस ते बाराशे चाळीस अंशांच्या उष्णतेत वरचा थर खालच्या थरात बुडू लागतो. दोघे एकमेकांत विरघळतात, काठावरून ओघळतात, आणि निळसर, सोनेरी, सशाच्या लोकरीसारख्या रेषा उमटतात. मग भट्टी एकदम बंद करायची नाही. उतरत्या उष्णतेत, हजार अंशांच्या आसपास, तिला काही तास रेंगाळू द्यायचे. त्या सावकाश थंड होण्यात काचेच्या पोटात बारीक स्फटिक धरतात आणि प्रकाश त्यांत अडकतो. थर जाड झाला तर झिलई गोळा होऊन भांडे उघडे पाडते. पातळ झाला तर काहीच दिसत नाही. आणि दोन झिलया एकत्र आल्या की एकेकटीपेक्षा कमी उष्णतेत वितळू शकतात. मग त्या वाहत जाऊन भांडे भट्टीच्या फळीला कायमचे चिकटवून टाकतात. आमच्या घरी अशा फळ्यांचा एक लहानसा ढीग आहे. तो आमच्या उतावळेपणाचा दाखला म्हणून आम्ही जपून ठेवला आहे.

आमचे एक स्नेही हे सारे ऐकून म्हणाले, "म्हणजे जे अग्नीने द्यायचे ते तुम्ही डब्यातून देता. ही नक्कलच झाली." हा आक्षेप आम्हांला बरेच दिवस बोचत राहिला, कारण तो केवळ भांड्यांपुरता नव्हता. आपल्यापैकी अनेक आईबापांच्या मनात तो वेगळ्या रूपाने असतोच. आमच्या आईवडिलांनी विहिरीचे पाणी भरले, अनवाणी शाळा गाठली, उपासतापास काढले. आमची मुले लिफ्टने चढतात. आगीतून न गेलेल्या या मुलांच्या अंगी खोली कोठून यायची, असे आपण एकमेकांना विचारतो. समान उष्णतेत, भरपूर हवेत वाढलेल्याला सपाटपणाच नशिबी आहे काय?

विचाराअंती आम्हांला वाटते की आक्षेपाचा हा पहिला भाग टिकत नाही. चीनमध्ये सोंग राजवटीपासून जी चुन नावाची निळी झिलई प्रसिद्ध आहे तिच्यात निळा रंग असा घातलेलाच नसतो. काचेत काचेचेच अतिसूक्ष्म थेंब वेगळे होतात आणि त्यांवर प्रकाश विखुरल्याने ती निळी दिसते. म्हणून तिला कोणी खोटे म्हणत नाही. झिलईची खोली नेहमीच घडवलेली असते. लाकडाच्या भट्टीत ती ज्वालेच्या मदतीने घडते आणि विजेच्या भट्टीत मापाने, वहीत टिपून, पन्नास नमुने वाया घालवून घडते. मुंबईची झिलई तर मुळातच उसनी आहे. १८५७ साली स्थापन झालेल्या सर जे. जे. कलाशाळेत १८७०च्या दशकात जॉर्ज टेरी यांनी जे भांडीकाम उभे केले, त्यात सिंधच्या झिलईची परंपरा होती आणि पुढे अजिंठ्याच्या चित्रांची नक्षीही आली. तरी ती भांडी मुंबईची म्हणूनच ओळखली गेली आणि त्यात कोणाची फसवणूक झाली नाही. उसने घेणे हे पाप नव्हे. उसने घेतल्याचे लपवणे ही वेगळी गोष्ट आहे.

या संदर्भात पुण्याच्या निर्मला पटवर्धन यांचे नाव कृतज्ञतेने घेतले पाहिजे. चुन झिलईसाठी त्या विशेष नावाजल्या गेल्या. ज्या धंद्यात बाप मुलालाच काय ते माप सांगत असे, त्या धंद्यात त्यांनी १९८४ साली 'हँडबुक फॉर पॉटर्स' हे पुस्तक लिहून झिलयांची मापे सर्वांसाठी खुली केली. रहस्य हातात ठेवले असते तर मान कदाचित अधिक मिळाला असता. त्यांनी ते वाटून टाकले. झिलईच्या आत काय आहे हे सांगितल्याने तिचे सौंदर्य कमी होत नाही, हे त्यांच्या या कृतीने आम्हांला शिकवले. ते आम्ही शिकलो असे आम्हांला वाटत होते. प्रत्यक्ष प्रसंग आला तेव्हा निराळेच दिसले.

आमच्या धर्मग्रामाच्या फेस्ताच्या दिवशी मैदानात बाजार भरतो. गोरगरिबांच्या औषधपाण्यासाठी निधी जमावा म्हणून आम्हीही एका टेबलावर आमची भांडी मांडली होती. त्यांत हिरव्या रंगाचे दोन जुळे वाडगे होते. खाली तांब्याची झिलई, वर फिकी, दुधाळ, खडबडीत झिलई. दोन्हींच्या संगमावर शेवाळ धरलेल्या जुन्या विहिरीच्या कठड्यासारखा रंग आला होता. एक वयस्क बाई आल्या. त्यांनी वाडगा दोन्ही हातांत धरून बराच वेळ पाहिला आणि विचारले, "हा लाकडाच्या भट्टीतला का हो? अगदी जुन्यासारखा वाटतो." आम्ही हसून म्हणालो, "भट्टीतला आहे, मावशी." त्या समाधानाने म्हणाल्या, "घेते मग. शिरक्यातलं लोणचं ठेवीन यात, नाताळच्या टेबलावर शोभेल." आम्ही पैसे घेतले, वाडगा कागदात गुंडाळून दिला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलो.

आम्ही खोटे बोललो नव्हतो. भट्टीतला होता हे खरेच होते. परंतु आपण लहानपणापासून विवेकतपासणी करीत आलो आहोत, त्यामुळे अशा खऱ्याची जात आपल्याला चांगली ठाऊक असते. ते शब्द आम्ही निवडले होते ते समोरच्या माणसाचा गैरसमज मोडू नये म्हणून. शिवाय लोणच्याची गोष्ट निघाली तेव्हा आमच्या पोटात एक क्षण चर्र झाले होते. तेही आम्ही गिळले.

का चर्र झाले, ते सांगतो. तांबे झिलईत फार झाले, किंवा ज्या काचेत ते बसवले ती काच कच्ची, खडबडीत राहिली, तर आंबट पदार्थ ते बाहेर ओढतो. आम्ही दोन्ही झिलया वेगवेगळ्या तपासल्या होत्या आणि दोन्ही निर्दोष वाटल्या होत्या. परंतु एकावर एक चढवल्यावर ज्या ठिकाणी त्या एकजीव होतात, तेथे तयार होणारी काच यांपैकी एकही नसते. ती तिसरीच असते, आणि ती आम्ही तपासली नव्हती. जे स्थळ सर्वांत सुंदर होते, नेमके त्याच स्थळाविषयी आम्ही अज्ञानी होतो.

त्या रात्री आम्ही जुळ्यांपैकी उरलेल्या वाडग्यात लिंबाची एक फोड ठेवली. सकाळी उचलली तेव्हा हिरव्यावर फिकट चंद्रकोर उमटली होती. ही तपासणी घरगुती आहे. तीत उत्तीर्ण झाल्याने भांडे निर्धोक ठरत नाही, त्यासाठी प्रयोगशाळेतच जावे लागते. परंतु तीत नापास झालेल्या भांड्याविषयी शंका उरत नाही. आपल्या घरांतून शिरका, चिंच, कोकम, कैरी यांवाचून जेवण होत नाही. ज्या घरी इंदाल शिजतो त्या घरी असे भांडे देणे म्हणजे काय, हे त्या फिकट कोरीने आम्हांला सांगितले.

नीतिसूत्रांच्या सव्विसाव्या अध्यायात गोड ओठ आणि कुटिल अंतःकरण यांना रुप्याच्या मळीचा मुलामा दिलेल्या खापराची उपमा दिली आहे. ती आम्ही अनेकदा वाचली होती आणि दिखाऊपणाची निंदा एवढाच तिचा अर्थ घेतला होता. परंतु रुपे शुद्ध करताना निघणारी मळी मुख्यतः शिशाची असते, आणि शिशाची झिलई जगभर शतकानुशतके वापरात होती. ती सर्वांत चकचकीत, सर्वांत सोपी आणि सर्वांत विषारी. हे ध्यानात आल्यावर त्या उपमेचा रोख बदलतो. आतले खापर सामान्य आहे, हा तिचा दोष नव्हे. वरची चमक पाहून माणूस त्यात अन्न वाढतो, तेथे खरा धोका आहे.

पुढच्या रविवारी मिस्सा संपल्यावर आम्ही त्या बाईंना शोधले. सगळे सांगितले. वाडगा विजेच्या भट्टीतला आहे, त्याचा जुनेपणा आम्ही दोन थरांनी आणलेला आहे, आणि त्यात आंबट काही ठेवू नये. पैसेही पुढे केले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "विजेच्या भट्टीतला असता म्हणून मी घेतला नसता असं थोडंच आहे? मला आवडला होता. पण तुम्ही हे मला त्याच दिवशी का नाही सांगितलं?" आमच्यापाशी उत्तर नव्हते. पैसे त्यांनी परत घेतले नाहीत. आता त्या वाडग्यात त्यांच्या घराच्या किल्ल्या असतात.

त्यांच्या त्या प्रश्नापाशी आम्ही अजून थांबलेलो आहोत. यिर्मयाच्या अठराव्या अध्यायात कुंभाराच्या हातात बिघडलेले भांडे पुन्हा घडवले जाते. पण लगेच पुढच्याच अध्यायात भाजलेले मडके फोडले जाते, आणि ते पुन्हा जोडता येत नाही असे सांगितले जाते. दोन्ही मातीच, मध्ये फक्त अग्नी. ओल्या मातीला आणि न बोललेल्या शब्दाला सुधारता येते. विकलेल्या भांड्याच्या मागे मात्र रविवारी धावत जावे लागते, आणि दर वेळी गिऱ्हाईक सापडतेच असे नाही.

येथे आम्हांला विजेच्या भट्टीचा एक गुण दिसतो, जो आम्ही आधी तिचा दोष समजत होतो. लाकडाच्या भट्टीतला कुंभार पुष्कळ गोष्टी अग्नीवर सोपवू शकतो. काही चांगले निघाले तर तो नम्रपणे म्हणतो, हे अग्नीने केले. काही बिघडले तरीही तेच म्हणतो. विजेच्या भट्टीत ही सोय बरीच कमी होते. तेथे जे काही भांड्यावर आहे ते बहुतेक आपणच वजन करून, पाण्यात कालवून, आपल्या हाताने चढवलेले असते. खोली आपली, तसे विषही आपले. म्हणून तिथला जाब टाळता येत नाही.

आणि हा जाब भांड्याच्या काठाशी संपत नाही. आमच्या भट्टीला धुराडे नाही, या गोष्टीचा आम्हांला एके काळी अभिमान होता. परंतु मुलुंड-भांडुपचा भाग सोडला तर आपल्या उपनगरांतील विजेचा मोठा वाटा अनेक वर्षे डहाणूच्या औष्णिक केंद्रातून येत आला आहे. १९९५च्या सुमारास सुरू झालेल्या त्या केंद्रात अडीचशे मेगावॅटचे दोन कोळशाचे संच आहेत, आणि भोवताली चिकूच्या वाड्या व आदिवासींचे पाडे आहेत. ते तेथे उभारावे की नाही यावर स्थानिकांनी न्यायालयापर्यंत झगडा दिला होता. म्हणजे धूर नाहीसा झाला नव्हता. तो आमच्या खिडकीखालून उचलून दुसऱ्याच्या खिडकीखाली ठेवला होता. हाही एक थर आहे, आणि तो झिलईखाली सर्वांत खोल आहे. तो पुसता येत नाही. भट्टी अर्धी भरलेली असताना पेटवायची नाही, नमुने एकत्र भाजायचे, केवळ कुतूहलापोटी तिसऱ्यांदा भाजायचे नाही, एवढे मात्र पाळता येते, आणि आम्ही ते पाळू लागलो आहोत.

मग आमच्या स्नेह्यांच्या आक्षेपाचे काय? आम्ही त्यांना आता असे उत्तर देतो. आगीतून न गेलेल्या वस्तूला, किंवा माणसाला, खोली येऊ शकते. पण ती आपोआप येत नाही. ती थराथराने, सावकाश, आणि थंड होतानाही संयम राखून आणावी लागते. आमच्या मुलांना विहिरीचे पाणी भरावे लागले नाही, याचे दुःख करण्याचे कारण नाही. त्यांच्यावर आम्ही कोणते थर चढवले, ते एकमेकांत मुरले की नुसते वर बसले, आणि आंबट प्रसंग आला तर त्यांतून काय पाझरेल, हे तपासून पाहिले की नाही, याचा विचार आम्ही केला पाहिजे. प्रार्थना निर्दोष, शिक्षण निर्दोष, सुबत्ताही कदाचित निर्दोष. पण त्यांच्या संगमावर तयार होणारे तिसरे काय आहे? ते सुंदर दिसते म्हणून आम्ही तपासायचे टाळतो.

आजकाल आम्ही प्रत्येक भांड्याच्या बुडाशी, भाजण्यापूर्वी, ओल्या मातीत सुईने दोन ओळी कोरतो. एक ओळ भट्टीची: विजेची. दुसरी ओळ वापराची: अन्नासाठी, किंवा अन्नासाठी नव्हे. अन्नाच्या भांड्याला आतून एकच, तपासलेली, साधी झिलई देतो आणि थरांची सारी हौस बाहेरच्या अंगावर फेडतो. एका तरुण गिऱ्हाइकाने परवा विचारले, बुडाशी असे लिहिल्याने विक्री कमी होत नाही का? होते, थोडी होते. लाकडाच्या भट्टीचे म्हणून दुप्पट किंमत देणारे परत जातात. जे राहतात ते भांडे उलटे करतात, बूड वाचतात, पुन्हा सुलटे करतात आणि मग रंगाकडे पाहतात. तो रंग त्यांना पूर्वीपेक्षा उणा दिसतो असे आम्हांला अद्याप तरी आढळलेले नाही.